माती, चुना, बांबू आणि माणसे: नैसर्गिक व सामुदायिक बांधकामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नैसर्गिक साहित्याने आणि लोकांच्या सहभागाने बांधण्याविषयी गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे शक्य तेथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्याशी जुळतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नैसर्गिक बांधकाम म्हणजे नेमके काय? त्यात सिमेंट आणि लोखंड अजिबात वापरायचे नसते का?

माती, दगड, चुना, लाकूड, बांबू, गवत, पेंढा असे साहित्य कमीत कमी प्रक्रिया करून आणि शक्यतो जवळून आणून जे बांधकाम होते, त्याला नैसर्गिक बांधकाम म्हणतात. सिमेंटला त्यात पूर्ण बंदी असते असे नाही. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट होते ते भाजलेले खडे, तयार करण्यासाठी सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. म्हणून जेथे त्याला खरोखर पर्याय नाही तेथेच ते वापरावे, एवढाच आग्रह आहे. भूकंपप्रवण भागात भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा घालणे हा शहाणपणा आहे, मात्र सर्व भिंती सवयीने सिमेंटच्या करणे ही उधळपट्टी आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी भाजलेल्या विटाच वापरल्या, पण त्या उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत रुजवली आणि सुमारे एक चतुर्थांश विटा वाचवल्या. साहित्य कोणते यापेक्षा ते किती आणि का वापरले, हा हिशेब आधी मांडावा.

२. मातीचे घर किती वर्षे टिकते?

नीट बांधलेले आणि नियमित राखलेले मातीचे घर शतकानुशतके टिकते, आणि दुर्लक्षित घर चार-पाच पावसाळ्यांत बसते. येमेनमधील शिबाम या शहरात कच्च्या, म्हणजे न भाजलेल्या, विटांच्या अनेक मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा उगम १६ व्या शतकातला आहे. मालीमधील जेन्ने येथील मोठ्या मशिदीची सध्याची वास्तू १९०७ सालची आहे. या दोन्ही ठिकाणच्या मातीत काही जादू नाही. तेथील लोक भिंतींना पुन्हा पुन्हा मातीचा हात देत आले, म्हणून त्या उभ्या राहिल्या. तेव्हा आयुष्याचा प्रश्न विचारताना ‘या भिंतीची देखभाल कोण करणार’ हेही त्याच वेळी ठरवावे लागते. त्याविषयी प्रश्न १३ पाहावा.

३. आमच्या जागेतली माती बांधकामाला चालेल का? ती कशी ओळखायची?

वरची वीत-दीड वीत माती बाजूला काढावी. तिच्यात मुळे आणि कुजणारा पालापाचोळा असतो, ती शेताला उपयोगी आणि भिंतीला घातक असते. त्याखालची माती घेऊन पुढील तीन परीक्षा कराव्यात. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली परीक्षा बरणीची. पारदर्शक बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ती चांगली हलवावी आणि सपाट जागी ठेवावी. वाळू एक-दोन मिनिटांतच तळाशी बसते, पोयटा पुढच्या काही तासांत बसतो आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळपणा धरून राहते. थर बसले की पट्टीने मोजावेत. कच्च्या विटेसाठी साधारणपणे १५ ते ३० टक्के चिकणमाती असलेली माती उपयोगी पडते. बरणीत चिकणमातीचा थर फुगलेला दिसतो, त्यामुळे हा अंदाज ढोबळच समजावा.

दुसरी परीक्षा हाताची. ओल्या मातीची अंगठ्याएवढी जाड, सुमारे ३ सेंटिमीटर व्यासाची वळी करून ती टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवावी. ५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर वाळू जास्त आहे, १५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊनही लोंबत राहिली तर चिकण जास्त आहे, आणि या दोहोंच्या मध्ये तुटली तर माती बहुधा कामाची आहे.

तिसरी परीक्षा सर्वांत विश्वासाची आहे आणि तीच लोक टाळतात: वेगवेगळ्या मिश्रणांच्या प्रत्येकी पाच-सहा विटा पाडून सावलीत पूर्ण वाळवाव्यात. भेगा पडल्या तर वाळू किंवा पेंढा वाढवावा. बोटाने घासल्यावर भुगा झाला तर चिकण वाढवावी. कोरड्या विटेची दोन टोके आधारावर ठेवून मध्ये एका माणसाने उभे राहिल्यावर ती टिकली, तर तिच्यावर भरवसा ठेवता येतो. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी, फुगणारी काळी माती मात्र एकटीने वापरू नये. ती ओल्या-कोरड्या हवामानात सतत फुगते आणि आक्रसते, आणि पायाखाली असली तर वरच्या उत्तम भिंतीलाही तडे देते.

४. कच्ची वीट, कॉब, ठोकलेली माती, कूड, दाबलेली वीट: आम्ही यांपैकी काय निवडावे?

ही निवड आवडीवर करू नये. माती, हवामान, हाताशी असलेली माणसे आणि वेळ पाहून करावी. चिकण माती आणि भरपूर ऊन असेल, शिवाय विटा वाळत घालायला मोकळी जागा असेल, तर साच्यात पाडलेली कच्ची वीट सोपी जाते, कारण तिचे काम तुकड्या-तुकड्याने होते आणि चूक झाली तरी एक वीटच वाया जाते. कॉब म्हणजे माती, वाळू आणि पेंढा एकत्र तुडवून तो चिखल साच्याविना थेट भिंतीवर थरांनी रचणे. त्यात लहान-मोठ्या सर्वांना हात लावता येतो, गोलाकार भिंती सहज होतात, परंतु प्रत्येक थर आवळल्याशिवाय पुढचा चढवता येत नसल्याने घाई अजिबात चालत नाही.

माती वाळूमिश्रित, मुरमाड असेल तर ती किंचित दमट ठेवून फळ्यांच्या साच्यात थराथराने ठोकण्याची पद्धत शोभते. तिच्या भिंती बहुधा ३० ते ६० सेंटिमीटर जाडीच्या असतात आणि गिलाव्याविनाही देखण्या दिसतात, मात्र साचा भक्कम आणि ओळंब्यात हवा. यंत्राने दाबलेली वीट आकाराला नेमकी असते. तिचे हातयंत्र १९५० च्या दशकात कोलंबियात राऊल रामिरेझ यांनी घडवले आणि ते पुढे जगभर पसरले. या विटेत बहुधा सिमेंट किंवा चुना मिसळतात, त्याचा हिशेब प्रश्न १४ मध्ये आहे.

कुडाची भिंत, म्हणजे बांबू किंवा काठ्यांच्या विणीवर लिंपलेली माती, ही सर्वांत हलकी. तिला अनेकजण गरिबीची खूण समजतात. माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे, कारण ओल्या आणि भूकंपाच्या भागात तिच्याइतकी समजूतदार भिंत क्वचितच सापडते: ती कमी मातीत होते, लवकर वाळते आणि हादऱ्यात लवते.

५. पावसात मातीच्या भिंती विरघळणार नाहीत का?

भिंतीवर पाणी उभे राहिले किंवा सतत वाहिले तर विरघळतील. म्हणून पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच नये, हे नकाशावरच ठरवायचे असते. जोते दगडाचे किंवा भाजलेल्या विटेचे आणि जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच असावे, त्याच्या माथ्यावर ओलावा अडवणारा थर असावा, आणि छप्पर भिंतीच्या पुढे ६० सेंटिमीटर ते १ मीटर यावे. पागोळ्या जोत्याजवळ पडून उडणारा शिंतोडा हा थेट पावसाइतकाच भिंत खातो, हे पहिल्या पावसातच दिसते: भिंतीच्या पायाशी वीतभर उंचीचा खडबडीत, पोखरलेला पट्टा तयार होतो. तेथे पन्हळ लावावी, किंवा पागोळ्या पडतात तेथे खडीचा चर करून पाणी लांब न्यावे. वाऱ्याबरोबर पाऊस ज्या दिशेने झोडपतो त्या बाजूला पडवी काढावी. केवळ रसायन फासून छपराची उणीव भरून निघत नाही.

६. मग बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर भिंत जास्त टिकेल ना?

टिकणार नाही, बहुधा लवकर जाईल. मातीची भिंत जमिनीतून आणि घरातल्या वाफेतून ओलावा घेते आणि तो बाहेर सोडते. सिमेंटचा गिलावा कडक असतो, त्यातून वाफ सहजी बाहेर पडत नाही आणि भिंत आक्रसली-फुगली की त्याला केसासारख्या भेगा जातात. त्या भेगांतून पाणी आत शिरते, परंतु बाहेर पडायला त्याला वाट राहत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. एका जुन्या घराच्या दुरुस्तीत घरमालकांच्या आग्रहाला मान देऊन मी पावसाकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू दिला. दोन पावसाळे भिंत बाहेरून गुळगुळीत आणि निर्दोष दिसत होती. तिसऱ्या वर्षी आतल्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर लोणा, म्हणजे ओलाव्याबरोबर येणारा पांढरा क्षार, लागला, म्हणून बाहेरचा गिलावा ठोकून पाहिला तर पोकळ आवाज आला. कवच काढले तेव्हा त्यामागची माती हाताने ओरबाडता येईल इतकी ओली होती आणि खालचे दोन थर जवळपास चिखल झाले होते. भिंत टेकू देऊन खालून पुन्हा बांधावी लागली. माती दिसत असती तर हाच बिघाड पहिल्याच पावसाळ्यात दिसला असता आणि एका दिवसात बुजवता आला असता. तेव्हापासून मातीवर मी फक्त माती किंवा चुना घालतो.

७. चुना आणि सिमेंट यांत एवढा काय फरक आहे? चुना घरी मुरवता येतो का?

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरला की मऊ लगदा होतो, आणि गिलाव्यात गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. भाजताना हवेत गेलेल्या वायूचा काही भाग अशा रीतीने परत येतो, सगळा येत नाही, हे मान्य केले पाहिजे. चुन्याचा गिलावा वाफ बाहेर जाऊ देतो आणि बारीक भेगा काही अंशी स्वतःच बुजवतो. ओल्या जागी त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, मिसळतात. तिच्यामुळे तो पाण्यातही आवळतो.

घरी मुरवता येतो, मात्र कळीचा चुना विरताना पाणी उकळते आणि उडते. पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे आणि मुले दूर, ही अट आहे. विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो, आणि निदान काही आठवडे तरी तसा ठेवावा. गिलावा केल्यावर तो पहिले काही दिवस उन्हापासून झाकून दमट ठेवला नाही, तर भुकटी होऊन हाताला येतो. बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच असते.

८. भूकंपात मातीचे घर धोक्याचे नाही का?

निष्काळजीपणे बांधलेले घर अत्यंत धोक्याचे असते, आणि या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगणे हा लोकांच्या जिवाशी खेळ होईल. २६ डिसेंबर २००३ रोजी इराणमधील बाम येथे झालेल्या भूकंपात कच्च्या विटांच्या घरांखाली हजारो माणसे गेली आणि तेथील प्राचीन किल्लाही ढासळला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, यांनी जीव घेतले. दोन्हीकडे कारण जवळपास एकच होते: जड भिंत, त्याहून जड छप्पर, आणि त्यांना एकमेकांशी बांधणारे काहीच नाही. उलट २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात तेथील ‘भुंगा’ नावाची गोलाकार घरे तुलनेने चांगली टिकली, कारण गोल भिंतीला सुटा कोपरा नसतो आणि तिच्यावरचे शंकूसारखे छप्पर हलके असते.

आयताकृती घरासाठी सर्वमान्य ढोबळ नियम असे आहेत: भिंतीची उंची जाडीच्या आठपटीपेक्षा अधिक नसावी, तिला काटकोनात आधार देणाऱ्या दोन भिंतींमधील अंतर जाडीच्या दहापटीच्या आत असावे, दारे-खिडक्या १.२ मीटरपेक्षा रुंद नसाव्यात आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून निदान तेवढ्या अंतरावर असाव्यात. लिंटेलच्या, म्हणजे दारे-खिडक्यांवरील आडव्या तुळईच्या, आणि छपराच्या पातळीवर लाकडाचा किंवा काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरवून कोपऱ्यांत पक्का जोडावा. भारताच्या १९९३ च्या आय. एस. १३८२७ या मानकात आणि न्यूझीलंडच्या १९९८ च्या मानकांमध्ये हे तपशीलाने दिले आहे. तीव्र भूकंपाच्या भागात मातीचे घर एकमजली ठेवावे आणि अभियंत्याशिवाय बांधू नये. तेथे कुडाची भिंत अधिक योग्य ठरते (प्रश्न ४).

९. बांबूला भुंगा (कीड) लागतो आणि तो दोन वर्षांत पोकळ होतो. मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

भुंगा बांबूतील पिठूळ द्रव्यासाठी येतो, म्हणून ते कमी असताना बांबू तोडणे ही पहिली राखण आहे. ३ ते ५ वर्षांचा पक्व बांबू पावसाळा संपल्यानंतरच्या कोरड्या दिवसांत तोडावा. कोवळा बांबू दिसायला हिरवागार असला तरी वाळल्यावर आक्रसतो आणि फाटतो. नंतर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो मुरवावा. पेरांमधील पडदे आतून लांब सळईने भोकसून घेतल्याशिवाय द्रावण सर्वत्र पोहोचत नाही, हे अनेकजण विसरतात. ही क्षारद्रव्ये पावसाने धुऊन जातात, त्यामुळे असा बांबू छपराखाली कोरडाच राहिला पाहिजे आणि खांब थेट जमिनीत न गाडता दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीवर उभे करावेत.

१०. पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतीला आग लागणार नाही का?

सुटा पेंढा क्षणात पेटतो, दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात मात्र आगीला पुरेशी हवा मिळत नाही, आणि दोन्ही बाजूंनी जाड गिलावा असला तर भिंत बराच वेळ तग धरते. मातीच्या गिलाव्याच्या अशा भिंतीने अमेरिकेतील प्रमाणित चाचणीत एक तासाची परीक्षा पार केली आहे. खरा धोका बांधकामाच्या काळात असतो, जेव्हा खाली मोकळा पेंढा पसरलेला असतो. तो रोज झाडून काढावा आणि जवळ वेल्डिंग करू देऊ नये. आगीपेक्षा ओलाव्याने अशा भिंती जास्त बिघडतात: गठ्ठ्यातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा लागतो, अन्यथा तो आतून कुजतो. ही पद्धत १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्का या वृक्षहीन प्रदेशात गठ्ठे बांधणारी यंत्रे आल्यावर सुरू झाली, आणि तेथील कोरडी हवा तिला मानवली हे लक्षात ठेवावे.

११. मातीचे घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार असते, हे सगळीकडे खरे आहे का?

सगळीकडे नाही. जाड मातीची भिंत उष्णता साठवून ठेवते आणि उशिरा सोडते. ३० ते ४० सेंटिमीटरच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला साधारण ८ ते १२ तास लागतात. दिवस तापलेला आणि रात्र गार असेल, तर हा उशीर वरदान ठरतो, कारण उष्णता आत येईपर्यंत रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडून ती घालवता येते. रात्रही उष्ण आणि दमट असेल तर जाड भिंतीचा उपयोग कमी होतो आणि सावली व वारा यांनाच महत्त्व येते. दीर्घ कडाक्याच्या थंडीत तर नुसती मातीची भिंत अपुरी पडते, कारण घट्ट मातीतून उष्णता पेंढ्याच्या गठ्ठ्यापेक्षा दहापटीहून अधिक वेगाने निसटते. तेथे बाहेरून पेंढ्याचा थर आणि आतून मातीचा गिलावा असा मेळ घालावा. पत्र्याचे छप्पर थेट डोक्यावर असेल तर भिंत कशाचीही असो, घर तापतेच. बुर्किना फासोमधील गांडो गावच्या शाळेत वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी मातीच्या छतावर पत्रा उंच उचलून धरला आणि मधून वारा खेळू दिला. ही एवढी साधी युक्ती तेथील भिंतींइतकीच मोलाची आहे.

१२. माती फुकट असते, मग घर स्वस्तात होईल ना?

माती फुकट असेल, तिला भिंत बनवणारे हात फुकट नसतात. घराच्या एकूण खर्चात भिंतींचा वाटा अनेकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो. पाया, छप्पर, दारे-खिडक्या, नळ आणि वीज यांना मातीमुळे फारशी सूट मिळत नाही, उलट रुंद छपरामुळे थोडी भर पडते. मजुरी चढी असेल तेथे मातीची भिंत विटांच्या भिंतीच्या बरोबरीनेही जाऊ शकते. फरक पैसा कोठे जातो यात पडतो: येथे तो साहित्याच्या कारखान्याकडे कमी आणि काम करणाऱ्यांच्या हाती अधिक जातो. ज्यांना केवळ स्वस्ताई हवी आहे त्यांनी आधी घराचे क्षेत्रफळ कमी करावे.

१३. आम्हाला सर्वांनी मिळून शाळा किंवा सभागृह बांधायचे आहे. लोकसहभाग म्हणजे श्रमदानच ना?

श्रमदान हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे. निर्णय आधीच झालेले असतील आणि लोकांना फक्त टोपल्या उचलायला बोलावले असेल, तर ती बिनपगारी मजुरी ठरते. ज्याचे घर रोजंदारीवर चालते त्याच्याकडून दिवस मागणे मला अन्यायाचे वाटते. कुशल आणि नियमित कामाला मजुरी द्यावी, आणि विटा पाडणे, लिंपणे, अंगण चोपणे अशी हलकी कामे ठरावीक दिवशी सर्वांनी मिळून करावीत.

खरा सहभाग आखणीपासून सुरू होतो. कागदावरचा नकाशा फार थोड्यांना वाचता येतो, म्हणून जागेवर फक्कीने पूर्ण मापाच्या खोल्या आखाव्यात, दारांच्या जागी दोन काठ्या रोवाव्यात आणि लोकांना त्यातून चालायला सांगावे. एका सभागृहाच्या आखणीच्या वेळी काठीच्या आधाराने चालणाऱ्या एका आजींनी पायऱ्यांच्या रेषेपाशी थांबून ‘येथून मी रोज कशी चढू?’ असे विचारले. तोवर झालेल्या तीन बैठकांत तो मुद्दा कोणाच्याही तोंडून आला नव्हता. त्याच दुपारी पायऱ्यांच्या शेजारी उताराची वाट आखली गेली.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. बांगलादेशातील रुद्रपूर येथील मेटी शाळा २००५-०६ मध्ये वास्तुविशारद अॅना हेरिंगर आणि आइके रोसवाग यांच्या आराखड्यावर स्थानिक कारागिरांनी बांधली: खाली पेंढा मिसळलेल्या मातीच्या जाड भिंती आणि वर बांबूचा मजला. तिला २००७ मध्ये वास्तुकलेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला, पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की काम करताना कारागिरांनी जोते, ओलाव्याचा थर आणि बांबूचे जोड यांतील सुधारणा आत्मसात केल्या. इमारत पूर्ण होईल तेव्हा निदान चार-पाच स्थानिक माणसांना ती एकट्याने दुरुस्त करता आली पाहिजे. जेन्नेमध्ये मशिदीचा वार्षिक लिंपणाचा दिवस सणासारखा साजरा होतो. भिंतीतून बाहेर आलेले लाकडी दांडे त्या दिवशी चढायला पायऱ्यांसारखे उपयोगी पडतात, म्हणजे देखभालीची सोय वास्तूतच बांधलेली आहे. आपल्या इमारतीसाठीही असा ठरलेला दिवस, ठरलेली माणसे आणि थोडा राखीव निधी पाया खणण्यापूर्वी ठरवावा.

१४. मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळले तर ते नैसर्गिक बांधकामच राहते का?

आकडा लहान दिसतो, म्हणून हिशेब करून पाहावा. ३० सेंटिमीटर जाडीच्या दाबलेल्या मातीच्या भिंतीत एका चौरस मीटरला सुमारे ६०० किलो माती लागते. तिचे ८ टक्के म्हणजे ४८ किलो, म्हणजे जवळपास सिमेंटची एक गोणी. शिवाय सिमेंट मिसळलेली माती पुन्हा भिजवून वापरता येत नाही. एरवी जुनी भिंत पाडून त्याच मातीची नवी भिंत होते, हा मातीचा सर्वांत मोठा गुण त्यामुळे जातो. पातळ भिंत, पावसाचा थेट मारा किंवा जोत्याजवळचे थर अशा ठिकाणी सिमेंट मिसळणे समर्थनीय आहे. छप्पर रुंद आणि जोते उंच असताना सर्व भिंतींत ते मिसळण्याचे कारण बहुधा भीती हेच असते.

१५. आम्हाला पटले आहे, पण लोकांनाच मातीची इमारत नको आहे. त्यांना पक्के घर हवे आहे. काय करावे?

आधी ऐकावे. इजिप्तमधील वास्तुविशारद हसन फाथी यांनी १९४० च्या दशकात लक्झरजवळ न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या घुमटांनी अतिशय आस्थेने उभारले. दक्षिणेकडील नुबिया प्रदेशातल्या कारागिरांच्या साचाविरहित कमानींचे ज्ञान त्यामुळे जगासमोर आले. परंतु ज्यांच्यासाठी ते होते त्यांना प्राचीन थडग्यांजवळची आपली वस्ती सोडायची नव्हती, कारण त्यांची उपजीविका तेथे होती, आणि स्थलांतराचा निर्णय त्यांचा नव्हता. गाव अपुरेच राहिले. सुंदर वास्तूला रहिवासी मिळाले नाहीत याचा दोष रहिवाशांवर टाकता येत नाही.

मातीला नकार देणाऱ्यांना पुष्कळदा गळती, लोणा, उंदीर आणि दरवर्षीचे सारवण आठवत असते, आणि ते सर्व खरे असते. हे काम घरातील स्त्रियांच्या वाट्याला आलेले असते, त्यामुळे त्यांचे मत प्रथम घ्यावे. नंतर लहान, रोज नजरेला पडेल असा नमुना बांधावा, जसे बसथांब्याचे छप्पर किंवा सभागृहाची एकच भिंत, आणि तो दोन पावसाळे सर्वांसमोर राहू द्यावा. गांडोतही गावकऱ्यांना सुरुवातीला मातीची शाळा पटत नव्हती. शेवटी त्यांनीच ती बांधली, आणि २००४ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला. तरीही लोकांनी विटा-सिमेंट निवडले, तर त्यांच्यासोबत तेच कमी साहित्यात आणि चांगल्या उजेड-वाऱ्याचे बांधावे.

१६. न्हाणीघर आणि शौचालय मातीच्या भिंतींत कसे बसवायचे?

ओल्या खोल्या शक्यतो एका कोपऱ्यात एकत्र घ्याव्यात आणि त्यांच्या भिंती भाजलेल्या विटेच्या किंवा दगडाच्या कराव्यात. पाण्याचे नळ मातीच्या भिंतीत कधीही गाडू नयेत. ते बाहेरून, दिसतील असे न्यावेत, कारण लपलेली बारीक गळती महिनोन्महिने कळत नाही. विजेच्या तारा नळीतून भिंतीत नेल्या तरी चालतात.

१७. आमच्याकडे जुने मातीचे घर आहे. पाडावे की दुरुस्त करावे?

आधी कारण शोधावे. सरळ उभे, बारीक आणि वर्षानुवर्षे न वाढणारे तडे सहसा निरुपद्रवी असतात. कोपऱ्यातून वर रुंदावत जाणारा तडा, भिंतीचे पोट पुढे येणे किंवा छपराचा वासा भिंतीवरून सरकणे ही अभियंत्याला बोलावण्याची वेळ आहे. तड्यावर तारीख घालून कागदाची पट्टी चिकटवावी आणि एक वर्ष पाहावे. ती फाटली तर भिंत अजून हलते आहे. जोत्याशेजारी वर्षानुवर्षे भर पडून अंगण उंच झालेले असते आणि भिंत जमिनीत बुडालेली असते, हे मला जुन्या घरांत सर्वाधिक वेळा दिसले आहे. तेवढी भर खणून काढली आणि पाणी उताराने बाहेर नेले की निम्मा ओलावा त्याच वर्षी उतरतो. सिमेंटचा जुना गिलावा असेल तर प्रश्न ६ वाचूनच त्याला हात लावावा, आणि तो एकदम न काढता छोट्या पट्ट्यांत, कोरड्या ऋतूत काढावा.

१८. एकदा बांधल्यावर दरवर्षी नेमके काय करावे लागते?

पावसापूर्वी छपराची कौले किंवा गवत पाहावे, पन्हळी साफ कराव्यात, जोत्याभोवतीचा चर मोकळा करावा आणि गिलाव्यातील भेगा त्याच मातीने बुजवाव्यात. त्यासाठी बांधकामाच्या वेळचीच चाळलेली माती एका पिंपात झाकून ठेवावी, म्हणजे रंग जुळतो. बुजवण्याआधी भेग ओली करावी, कारण कोरड्या मातीवर ओली माती धरत नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या जोत्यावर दिसल्या तर त्या पुसून त्यांचा माग लाकडापर्यंत घ्यावा. वाळवी माती खात नाही, ती मातीतून वाशांकडे जाते. पाऊस संपल्यावर पुन्हा एक फेरी मारावी आणि कोठे किती झिजले ते वहीत तारखेसह लिहावे. चुन्याचा रंग काही वर्षांनी आणि बाहेरचा मातीचा गिलावा झिजेल तसा, पावसाकडच्या बाजूला अधिक वेळा, पुन्हा द्यावा लागतो.